दुर्बिणीतली वाकडी तार

लग्नात, बारशात कोणी नवी बाई शेजारी बसली की विचारते, "ताई, तुम्ही काय करता?" मी म्हणते, "बंदुकीवरच्या दुर्बिणी लावून देते." मग ती बाई आपली खुर्ची थोडी सरकवून घेते. दोन घास पोटात गेले की पुन्हा जवळ येते, कारण तिला ऐकायचं असतं. तिला जे सांगते तेच आज इथं लिहून राहिले. लिहायची सवय नाही, बोलायची भारी. तेव्हा बोलल्यासारखंच लिहीन, संपादकसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

माझं नाव बेबी. साठी उलटली तरी बेबीच. अकोल्याला जठारपेठेत होतो तेव्हा बेबीवैनी होते, अमरावतीला लेकीकडं राहायला आले तशी बेबीताई झाले, अन् आता रेंजवरची पोट्टी मला बेबीआजी म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. हसू द्या.

आधी तुमची भीती काढते. आमच्याकडची रायफल हवेची. नळी बिजागरीवर खाली दाबायची, आत स्प्रिंग दबते. नळीच्या मागच्या तोंडात शिशाचा छर्रा ठेवायचा, नळी बंद करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा रेटते, छर्रा जातो अन् कागदाला भोक पडतं. बस, एवढंच. तरी रिकामी असली तरी माणसाकडं तोंड करून ती कधी धरायची नाही. हा नियम मोडणाऱ्याला आमचे सुभेदार त्या दिवसापुरतं झाडू मारायला लावतात, मग तो कलेक्टरचा पोरगा का असेना.

सुभेदार म्हणजे रेंजचे मालक. फौजेतून आले अन् राजापेठेच्या मागं एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोडाऊन भाड्यानं घेऊन त्यात रेंज काढली. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या तिथं आता कागदाची टार्गेटं लागतात. भिंतीच्या फटीतून अजूनही कापसाचे पुंजके निघतात, अन् वारा सुटला की ते बरोबर नेमाच्या वेळी नाकात जातात.

मी तिथं पोहोचले शिलाई मशीनमुळं. आमच्या घरच्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, जठारपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मी घरात कमी अन् त्या दुकानात जास्त वाढले म्हटलं तरी चालेल, लग्न होऊन आले तेव्हा लहानच होते. बारीक स्क्रू, बारीक स्प्रिंगा, तेल कुठं घालायचं अन् कुठं घालायचं नाही, हे हाताला पाहून पाहून आलं. घरचे गेले, दुकान बंद झालं, मी लेकीकडं आले. सुभेदारांना टार्गेटामागचा जाड कॅनव्हासचा पडदा शिवून पाहिजे होता. कोणाचंच मशीन त्या कॅनव्हासवर चालेना. माझं चाललं. पडदा द्यायला गेले तर सुभेदार एका रायफलीवरच्या दुर्बिणीशी झटून राहिले होते. त्यांच्या बोटांचे सांधे धरलेले, स्क्रू सुटून सुटून खाली पडत होता. मी म्हटलं, "द्या इकडं." त्यांनी दिला. तो स्क्रू बसवला अन् मग तिथंच बसले, अजून बसलेली आहे.

एक सांगून ठेवते. मोठ्या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. तिथं बारीक भोकाच्या चकतीतून नेम धरतात. पण आमच्याकडं दर हिवाळ्यात गावातल्या गावात एक स्पर्धा होते, तिच्यात एक गट दुर्बिणीचा असतो. टेबलाशी बसून, पंचवीस मीटरवर. वयाची अट नाही. म्हणून आमच्या रेंजवर सकाळी पोट्टी अन् दुपारी पेन्शनर.

आता काम काय ते ऐका. दुर्बिणीतून पाहिलं की आत दोन बारीक काळ्या तारा दिसतात, एक उभी, एक आडवी. त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं नेम. पण दुर्बीण बसते नळीच्या डोक्यावर. ती पाहते एकीकडं, नळी पाहते दुसरीकडं. दोघींना एकाच ठिपक्याकडं पाहायला लावायचं, हे माझं काम. पलीकडच्या भिंतीला मी एक ओळंबा टांगून ठेवला आहे, गवंड्याचा असतो तोच, पांढऱ्या दोरीला लोखंडी वजन. दुर्बिणीतली उभी तार त्या दोरीशी जुळवायची, म्हणजे दुर्बीण तिरपी बसत नाही. मग दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. एकदम एकीकडचा आवळला की कडं दुर्बिणीची मान मुरगाळतं.

मग ज्याची रायफल त्यानंच बसायचं. मी नेम जुळवून दिलेली दुर्बीण माझ्या डोळ्याची होते, माझ्या गालाची होते. तुम्ही गाल थोडा वर टेकवला की ती तुमच्याशी खोटं बोलते. म्हणून त्यानंच पाच छर्रे मारायचे, सगळे एकाच ठिपक्यावर नेम धरून. मधात उठून पाहायचं नाही. नवीन माणूस काय करतो, एक छर्रा मारतो, उजवीकडं गेला की दुर्बिणीवरची गुंडी फिरवतो, दुसरा मारतो, खाली गेला की पुन्हा फिरवतो. संध्याकाळपर्यंत त्याची दुर्बीण अख्ख्या अमरावतीभर फिरून येते. पाच मारा, कागद आणा, मग त्या पाच भोकांचा घोळका पाहा. घोळका दाट असला तर चिंता नाही, तो कुठंही पडो. वरची गुंडी वर-खाली नेते, बाजूची डावीकडं-उजवीकडं. टक् टक् आवाज येतो. एक टक् म्हणजे आमच्या पंचवीस मीटरवर तिळाएवढं सरकणं. पण घोळकाच पसरट असला तर गुंड्या फिरवून काही होत नाही. तिथं काहीतरी दुसरं बिनसलेलं असतं, अन् ते शोधायला दिवस लागतात.

रायफल टेकवायच्या पिशव्यासुद्धा मीच शिवते, जुन्या जीन्सच्या. हवेची रायफल कडक वस्तूवर टेकवली की उसळते अन् छर्रा भलतीकडं टाकते, म्हणून खाली मऊ पाहिजे. पहिल्या वर्षी मी त्यात ज्वारी भरली होती. उंदरांनी रेंजवर असं लग्नकार्य मांडलं की सुभेदार म्हणाले, "बेबीताई, आपण पंगत ठेवली आहे का?" तेव्हापासून वाळू.

आमचा गर्दीचा मोसम म्हणजे दसऱ्यानंतरचा आठवडा. बाकीच्या धंद्यात दसऱ्याआधी गर्दी असते. आमच्यात नंतर. काहून, तर शस्त्रांची पूजा. ज्याच्या घरी रायफल आहे त्याच्या घरी ती पाटावर बसते. आया, आज्या, काकवा सगळ्या मिळून तिची पूजा करतात. एका आजीबाईंना ती दुर्बीण म्हणजे बंदुकीवरचं आवाळू वाटलं. रायफल ताटात नीट आडवी होईना म्हणून त्यांनी ते आवाळू काढून ठेवलं, पूजा केली, अन् मग अंदाजानं परत बसवलं, उलटी. पोरगं पुढच्या रविवारी आलं अन् म्हणे, "आजी, जवळचं टार्गेट लांब दिसून राहिलं." दुसऱ्या एका घरी नारळ बरोबर नळीवर फोडला, पाणी दुर्बिणीत गेलं, आत धुकं. गुंडीच्या खाचेत हळद, काचेवर कुंकवाचं बोट, नळीत झेंडूची पाकळी. मी कोणाला पूजा करू नका म्हणत नाही. आमच्या दुकानातही दसऱ्याला मशीनला हार पडायचा. मी म्हणते, दुर्बीण टॉवेलात गुंडाळा, नळीला काय लावायचं ते लावा. ऐकतात अर्धे.

तर एका वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी इंगोले सर आले.

सर अकोल्याचे, आमचे जठारपेठेतले शेजारी. मूळ हिवरखेडचे, शाळेत पी.टी. शिकवायचे. आवाज असा की त्यांनी "सावधान" म्हटलं तर रस्त्यावरची म्हैस थांबायची. आमच्या घरच्यांचे दोस्त, म्हणून मला वैनी म्हणत. त्यांच्या मंडळी सुमनताई, त्या मला नुसतं बेबी म्हणतात, अन् त्यांचं मशीन मीच सांभाळलं होतं. रिटायर झाल्यावर सरांना हा नाद लागला. दर रविवारी अकोल्याहून बसनं यायचे. रायफल सुमनताईंनी गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची खोळ शिवून त्यात घातलेली. कंडक्टर विचारायचा, "सर, हे काय आहे?" सर म्हणायचे, "माया म्हातारपणाची काठी. तिकीट लागते का तिले?"

दुर्बिणीच्या गटातली बक्षिसाची ढाल सरांच्या टीव्हीशेजारी असायची. दुसऱ्या कोणाच्या घरी ती गेलीच तर एखाद वर्ष पाहुणी म्हणून.

"बेबीवैनी," सर आल्या आल्या म्हणाले, "तुमच्या सुमनताईनं पूजेच्या नादात दुर्बीण हलवली. छर्रा भिंतीले जाऊन राहिला."

त्या दिवशी माझ्यासमोर पूजेच्या सात-आठ रायफली पडलेल्या. त्यात ही एक. पण सरांचे स्क्रू पाहिले तर जागच्या जागी घट्ट. कुंकू होतं ते नळीवर, अन् दुर्बीण स्वच्छ. ओळंब्याशी तार जुळली. सरांना बसवलं. पाच छर्रे झाले, कागद आला. सरांचा घोळका म्हणजे एरवी बोराएवढा. त्या दिवशी कोणी मूठभर हरभरे फेकल्यासारखा. मी म्हटलं, "सर, हे पसरट आहे. हे दुर्बिणीचं नाही वाटत."

"दुर्बिणीचंच आहे. तुमी मधात आणा, बाकी मी पाहतो."

मी घोळक्याचा मधला अंदाज घेऊन गुंड्या फिरवल्या. सर गेले. संध्याकाळी सुमनताईंचा फोन.

"काय व बेबी, तुले काय सांगतलं ह्यायनं? मी त्या दुर्बिनीले हातबी नाही लावला. नळीले कुंकू लावलं, फूल वाह्यलं, बस. अन् हे घरात ताट आपटून राहिले. म्हनते, तुया हाताले वळणच नाही."

"आवं ताई, होईल ठीक. स्पर्धा जवळ आली की सर असेच करतात."

"स्पर्धा गेली खड्ड्यात. तू त्यायले एवढं सांग का सुमननं नाही केलं म्हणून."

पुढच्या रविवारी घोळका आणखी पसरला होता, अन् दुसरीकडं गेला होता. आता असं आहे, एकामागून एक शक्यता काढून टाकायची, दुसरा रस्ता नाही. छर्रे बदलून पाहिले, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तेच. स्प्रिंग पाहिली. चांगली. मग मी स्वतः बसले, वाळूच्या पिशवीवर टेकवून सरांच्याच रायफलीतून पाच मारले. घोळका दाट. सरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला अन् म्हणाले, "तुमी लहान जीव, रायफल हलकी धरता. मले आतली तार वाकडी दिसून राहिली. मधात फुगली आहे, पावसात भिजलेल्या दोरीसारखी."

मी पुन्हा पाहिलं. तार सरळ. सुभेदारांनी पाहिलं. सुभेदारांच्या भुवईवर फौजेतल्या मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीनं मागं उसळून मारलेल्या जखमेची चंद्रकोर आहे, दुर्बिणीबद्दल त्यांचं कोणी ऐकलं नाही असं होत नाही. तेही म्हणाले, "सरळ आहे, सर."

"मंग तुमचे दोघायचे चष्मे बदला."

हसलो आम्ही. त्या हसण्याची मला अजून चुटपुट लागते. पण तेव्हा कोणाच्या डोक्यात दुसरं काही यावं असं काही नव्हतं. सर बसची पाटी वाचून येत होते, पेपर वाचत होते, रस्ता ओलांडत होते.

तिकडं जठारपेठेत रायफल गोदरेजच्या कपाटात गेली अन् किल्ली सरांच्या बनियनच्या खिशात. सुमनताईंनी कपाटाजवळून झाडू मारला तरी आवाज यायचा, "हलवू नको!" फोनवर त्या रडल्या नाहीत, पण बोलल्या ते रडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाल्या, "ह्यायच्या हातची चूक ह्यायले कधी दिसतच नाही व. आयुष्यभर मीच हलवून राहिली सगळं."

सर तिसऱ्या रविवारी आले ते नवीन दुर्बीण घेऊन. डब्यातून काढली, चकचकीत. मी कडी बसवली, स्क्रू आवळायच्या आधी म्हटलं, "सर, तुम्हीच पाहा अन् ओळंब्याशी तार जुळवा. म्हणजे मग तक्रार नको."

सरांनी डोळा लावला. डावा मिटला, उजवा दुर्बिणीला. गुंडीशी त्यांची बोटं होती ती थांबली. मग त्यांनी डोळा काढला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा लावला.

"ह्याचीबी वाकडी आहे," ते म्हणाले. पण या वेळी आवाज मोठा नव्हता.

मला सांगता येणार नाही माझ्या मनात नक्की काय आलं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. एवढंच आलं की जुनी दुर्बीण वाकडी, ही आत्ता डब्यातून निघालेली ती पण वाकडी, अन् दोन्हींत सारखंच उरलं ते काय? रायफलसुद्धा सोडून द्या. तार पाहायला छर्रा लागत नाही.

मी म्हटलं, "सर, रायफल ठेवा. चला जरा माझ्यासंगं."

रेंज बंद केली. सगळ्या रायफली रिकाम्या करून टेबलावर ठेवल्याशिवाय कोणी पलीकडं जायचं नाही, तो नियम. आम्ही भिंतीपाशी गेलो. ओळंब्यासमोर सरांना उभं केलं, हातभर अंतरावर.

"दोरी कशी दिसते?"

"सरळ. ओळंब्याची दोरी वाकडी कशी राहीन? काय पोरखेळ आहे वैनी?"

"आता उजवा डोळा मिटा. डाव्यानं पाहा."

"सरळ."

"आता डावा मिटा."

सरांनी डावा मिटला. सर पुढं सरकले अन् त्यांनी दोरीला बोट लावलं. वरून खाली, हळूहळू, वजनापर्यंत बोट नेलं. आपण गाठ शोधतो ना दोरीत, तसं. गाठ नव्हती. मागं आले, पुन्हा डावा मिटला.

"वैनी, ही मधात वाकून राहिली," ते म्हणाले. "बोटाले सरळ लागते अन् डोळ्याले वाकडी."

मी म्हटलं, "हं."

"मंग दुर्बीण..."

"दुर्बिणी दोन्ही चांगल्या आहेत, सर."

असं असतं पाहा. साधा माणूस दोन्ही डोळ्यांनी पाहतो. एक कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो, माणसाला पत्ताही लागत नाही. आमच्यातला माणूसच रोज एक डोळा मिटतो. त्याला आधी कळायला पाहिजे. पण त्याच्या डोळ्यापुढं दुर्बीण असते, दोष द्यायला हाताशी.

सर बाकावर बसले. सुभेदारांनी चहा मागवला. सर म्हणाले, "मोतीबिंदू असन. ह्या वयात होते. स्पर्धा होऊन जाऊ द्या, मंग दाखवतो."

"सर, आधी डोळा."

"दोन महिने काही होत नाही. डाव्या डोळ्यानं पाहू काय? एवढ्या वर्षांचा हात आहे माया."

"होते का नाही होत, ते डॉक्टर सांगतील. मोतीबिंदूत धुरकट दिसते. दोरी वाकत नाही. माझ्या आईला होता, मी पाहिलं आहे."

"तुमी मले शिकवता काय?"

मी त्यांच्याशी वाद घालून जिंकले असते असं नाही. पी.टी.च्या मास्तराशी कोणी जिंकत नाही. मी उठले, सरांची रायफल उचलली, खोळीत घातली अन् रेंजच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली सुभेदारांकडं दिली.

"डोळा दाखवून या अन् घेऊन जा."

सर सुभेदारांकडं पाहायला लागले. सुभेदार चहा फुंकत म्हणाले, "रेंजवर बेबीताईंचं चालतं, सर. मला पण झाडू मारायला लावतात."

सरांना मी बसवर बसवून दिलं अन् मग सुमनताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, पाह्य, मी म्हणत होते ना. त्या म्हणाल्या, "बेबी, आंधळे होतीन काय व हे?"

"मला नाही माहीत, ताई. उद्या इकडंच घेऊन या, आपण संगं जाऊ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं आले. सुमनताईंनी डब्यात भाकरी अन् पिठलं आणलं होतं, दवाखान्यात किती वेळ लागेल काय माहीत म्हणून. डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, सर भिंतीकडं तोंड करून बसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मशीनवर फोटो काढला अन् आम्हाला दाखवला. डोळ्याच्या मागं पडदा असतो, त्याच्या बरोबर मधोमध सूज आली होती, खाली पाणी साचलं होतं. पडद्याला उंचवटा आला की त्यावर पडणारी सरळ रेघ वाकडी दिसते. औषध म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, दर महिन्याला, काही महिने.

"बरं झालं लवकर आलात," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळे उघडे असले की लोकांच्या लक्षात येत नाही. कितीतरी महिन्यांनी येतात, तोवर मधलं सगळं गेलेलं असतं. तुमच्या कसं लक्षात आलं?"

सर म्हणाले, "माया दुर्बिणीची तक्रार होती."

"अन् मायी नजर?" हे सरांनीच विचारलं. "येईन का परत?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, पुढं जाणं थांबवता येईल. गेलेलं किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. अन् डावा डोळा रोज तपासत राहायचा, कारण एकाला झालं की दुसऱ्याला होऊ शकतं.

डोळ्यात सुई जाणार हे ऐकल्यावर आमच्या सरांचा चेहरा, काय सांगू. ज्या माणसानं शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून टोचून घ्यायला लावलं तो माणूस सुमनताईंच्या पदराचं टोक मुठीत धरून बसला होता. त्याला स्वतःला ते माहीत नसावं. आत बोलावलं तेव्हा उठता उठता थांबले. माझ्यासमोरच म्हणाले, "सुमन, तू दुर्बिणीले हात नव्हता लावला."

"हेच तं सांगून राहिली होती ना मी," त्या म्हणाल्या. "जा आता. नंतर भांडू."

त्या हिवाळ्यात ढाल दुसऱ्याच्या घरी गेली, अन् पाहुणी म्हणून नाही. सर स्पर्धेच्या दिवशी आले नाहीत. मला वाटलं, सुटला नाद. इंजेक्शनं चालली होती. सुमनताई फोनवर सांगायच्या, सूज उतरून राहिली, पण उजव्या डोळ्यानं माणसाकडं पाहिलं तर नाकाच्या जागी धूर दिसते म्हणतात. तो धूर गेला नाही. वाढलाही नाही.

तेव्हापासून मी एक सुरू केलं. नवा असो, जुना असो, स्क्रूला हात लावायच्या आधी मी माणसाला ओळंब्यासमोर उभं करते. हा मिटा, तो मिटा, दोरी कशी दिसते सांगा. पोट्टी हसतात. म्हणतात, बेबीआजीनं दवाखाना काढला. पेन्शनर हसत नाहीत, निमूट मिटतात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी दारात बस थांबल्यासारखा आवाज आला, "वैनी, माया रायफलीनं काय चूक केली? तिले कायले कोंडलं?" सर उभे. मागं सुमनताई, रेंजवर पहिल्यांदाच आलेल्या, नाकाला पदर लावून, कारण कापसाचे पुंजके उडत होते.

सरांना डाव्या डोळ्यानं शिकायचं होतं.

तुम्हाला वाटेल, काय मोठं, डोळा बदलला. तसं नाही हो. डावा डोळा म्हणजे डावा गाल, डावा खांदा, चापावर डावं बोट. इतक्या वर्षांचं सगळं उलटं. मी दुर्बीण सरकवून नवीन जागी बसवली. सर डाव्या खांद्याला रायफल लावायला गेले तर ती त्यांच्या हातात परक्या घरच्या लेकरासारखी वळवळायला लागली. गाल नीट बसेना. शेजारच्या टेबलावर सरांकडूनच नेम धरायला शिकलेली पोट्टी मुद्दाम दुसरीकडं पाहत होती.

शेवटी सरांनी उजवा मिटला अन् डावा दुर्बिणीला लावला. अन् तसेच राहिले. चाप नाही, हालचाल नाही. मी मागं उभी. सुमनताईंनी माझा दंड धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली. आम्हा दोघींच्या मनात एकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्यालाही होऊ शकतं.

मला राहवलं नाही. "सर, तार?"

मग चाप ओढल्याचा आवाज आला. पडद्यामागच्या पत्र्यावर छर्रा टण्णकन वाजला. कागदाला लागलाच नव्हता.

सरांनी डोळा काढला, आमच्याकडं वळले.

"तार सरळ आहे," ते म्हणाले. "साफ सरळ. नेम माया वाकडा आहे."

सुमनताईंनी दंड सोडला. पदर नाकावरून काढला अन् म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, मी इतक्या लांब उभी होती."

सर हसले, नळी खाली दाबली अन् दुसरा छर्रा मागायला हात पुढं केला. डावा.